गोदाक्काच्या हातची हळद

साहेब, आमच्या परसावर डोळा तुमचा होता. झाड हे निमित्त होतं. तुम्हाला गाड्यांसाठी शेड हवी होती आणि ती बंगल्याच्या बाजूला नको होती, कारण पत्र्याची तिरीप तुमच्या व्हरांड्यात आली असती. म्हणून त्या डिसेंबरात तुम्ही सकाळी सकाळी सूतगिरणीच्या कॉलनीत आलात, थेट आमच्या क्वार्टरांच्या मागे, दोन सुपरवायझर बरोबर घेऊन. माझी दुसरी पाळी होती, म्हणून मी घरी होते. तुम्ही बुटाच्या टोकाने झाडाचा बुंधा टोचलात आणि म्हणालात, "ए बाई, हे काय रान माजवलंय?"

मी म्हटलं, "रान नाही साहेब. जोजोबा आहे."

एक सुपरवायझर फिसकन हसला. ते नाव पहिल्यांदा ऐकलं की सगळेच हसत. आमच्या कॉलनीत तर कोणाचं पोर रडायला लागलं की बाया म्हणत, चंद्रकलाच्या झाडाखाली न्या त्याला, ते झाडच जो जो म्हणतंय.

मी तुम्हाला सांगायला लागले. वाळवंटातलं झुडूप आहे, बारा महिने हिरवं राहतं, पाणी मागत नाही, उलट जास्त पाणी घातलं तर मरतं. पानं बघा, चामड्यासारखी जाड, उन्हाला पाठ देऊन उभी राहतात. यंदा पाण्यावाचून कॉलनीतल्या जास्वंदी गेल्या, कढीपत्ता गेला, वृंदावनातल्या तुळशीसुद्धा काड्या झाल्या, हे तेवढं राहिलं. तुम्ही ऐकत नव्हता. तुम्ही पावलांनी जागा मोजत होता.

मग एकदम विचारलंत, "फळ येतं याला?"

"बी येते साहेब. बीचं तेल निघतं, केसाला लावायला."

"आलीय कधी?"

मी नुसती मान हलवली. आली नव्हती. गेल्या थंडीत फुलं आली होती, पण बोंड एक धरलं नव्हतं.

"मग ऐक," तुम्ही म्हणालात. "ज्याला फळ नाही, ज्याचं फूल बघण्यासारखं नाही, त्याला मी बाग म्हणत नाही. गिरणीची जागा आहे ही. मेअखेर इथे शेड."

"आणि फळ आलं तर?"

तुम्ही सुपरवायझरांकडे बघून हसलात. "फळ दाखव, शेड दुसरीकडे नेतो. शब्द आहे माझा."

तुम्ही गेलात आणि परसाच्या टोकाच्या खोलीचं दार करकरलं. गोदाक्का बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

गोदाक्का म्हणजे गोदावरी केदार. गिरणीत कोन वाइंडिंगला, कोनांवर सूत गुंडाळण्यात तिने अख्खी उमर घालवली. नवरा आधीच गेला होता. ती रिटायर झाली तेव्हा क्वार्टर गेलं, आणि चाकणचा मुलगा म्हणाला, आई, माझी एकच खोली आहे, तूच बघ. तिने बघितलं. परसाच्या टोकाला पूर्वी रद्दी सुताची पोती ठेवायची एक पत्र्याची खोली होती. ती आम्ही बायांनी झाडून, सारवून तिला दिली. कोणाला विचारलं नाही, कोणी हरकतही घेतली नाही. शेड बांधायची तर पहिला हातोडा त्या खोलीवर पडणार होता, हे सांगायला इंजिनिअर लागत नव्हता.

आणि परस म्हणजे नुसती मोकळी जागा नव्हती, साहेब. तीन पाळ्यांच्या गिरणीत बाईला बसायला जागा कुठे असते? पुढच्या अंगणात पुरुष पत्ते खेळतात. घरात कोणीतरी पाळी करून आलेला झोपलेला असतो, भांडं वाजलं की ओरडतो. मागच्या परसात आम्ही कुरडया घालायचो, न्हाणं आटपून केस वाळवायचो, एकमेकींच्या सासवांना शिव्या द्यायचो. जोजोबा माडासारखा उंच नाही, पण डोक्याच्या वर जातो आणि दाट असतो. त्याच्या आडोशाला पदर ढळला तरी चालायचा. तेवढीच एक जागा होती जिथे पदर ढळला तरी चालायचा.

गोदाक्काने झाडाच्या बुंध्याला हात लावला. बुटाचा ओरखडा पुसल्यासारखं केलं. म्हणाली, "चंद्रे, मी जाते गं चाकणला. एक खोली तर एक खोली. कोपऱ्यात पडून राहीन."

शेजारच्या क्वार्टरच्या मागच्या दारातून जैनबभाभी बोलली. जैनब तांबोळी सूत कातायच्या रिंग फ्रेमवर होती, घरी चार शेळ्या पाळायची आणि तोंडाने कोणाला ऐकायची नाही. म्हणाली, "जाशील, पण आधी माझी वाटी परत दे. मग जा."

गोदाक्का हसली. ती हसली म्हणजे अजून जाणार नव्हती.

आता फळ का येत नव्हतं ते सांगते, कारण तिथेच आमची फजिती आहे.

ही रोपं मी तालुक्याच्या कृषी प्रदर्शनातून आणली होती. सगळे ट्रॅक्टर बघत होते, मी एका कोपऱ्यात या राखाडी-हिरव्या रोपांपाशी थांबले. विकणारा म्हणाला, बाई, याला विसरून जायचं, मग ते वाढतं. मला ते आवडलं. आमच्या कॉलनीत टँकर आठवड्याने यायचा, तोही हांड्यांची भांडणं लावून जायचा. विसरून जायचं म्हणणारं झाड आम्हाला परवडणारं होतं. एक ट्रे भरून आणली, परसाच्या कडेने लावली. एक उरलं, ते त्या संक्रांतीला तुमच्या बाईसाहेबांना वाण म्हणून दिलं. सगळ्या जणी प्लॅस्टिकचे डबे आणि गाळण्या घेऊन आल्या होत्या. मी रोप नेलं तर बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या. बाईसाहेब मात्र म्हणाल्या होत्या की मरत नाही असं वाण पहिल्यांदाच मिळालं.

काही वर्षांनी थंडीत फुलं आली. निम्म्या झाडांना पिवळे घोस, हात लागला की पिवळी धूळ उडायची आणि शिंका यायच्या. निम्म्यांना काहीच नाही असं वाटायचं. नीट बघितलं की दिसायचं, पानाच्या बगलेत एकेकटं हिरवट फूल, खाली मान घालून बसलेलं, टोकाला बारीक केसाळ जिभा.

गोदाक्का दोन्ही प्रकारच्या झाडांमधून फिरली आणि निकाल दिला. "पपईसारखं आहे गं हे. हे धुळीचे सगळे नर. हे मान घातलेल्या सगळ्या माद्या."

बरोबरच होतं तिचं. तिच्या माहेरी पपईचा मळा होता. आणि पपईच्या बागेत काय करतात? नर ओळखू आला की उपटतात. त्याला फळ येत नाही, तो जागा खातो. आम्ही तेच केलं. दुपारी पाळी नसलेल्या सगळ्या जणी कुदळी घेऊन उतरलो आणि नर मुळासकट काढले. गोदाक्का काठी टेकून एकेकाकडे बोट दाखवत होती, हा बिनकामाचा, हाही बिनकामाचा. जैनबभाभीच्या शेळ्यांनी सुटून येऊन त्या फांद्यांवर ताव मारला. फार मजेचा दिवस होता. बायांनी इतके नर एका दुपारी उपटले म्हणून आठवडाभर कॉलनीतले पुरुष आमच्याशी जपून बोलत होते.

मग त्या वर्षी बोंड धरलं नाही. आम्ही म्हटलं, पहिलं वर्ष आहे, पुढच्या वर्षी धरेल. आणि पुढच्या वर्षाच्या तोंडावर तुम्ही बूट घेऊन आलात.

तुम्ही गेल्यावर दोन-चार दिवसांनी जैनबभाभी शेळी घेऊन कुठून तरी येत होती. मी आणि गोदाक्का झाडाखाली बसलो होतो. मी तिला विचारलं, कुठे गेली होतीस. ती म्हणाली, शेळी माजावर आली होती, पलीकडच्या वस्तीवर बोकडाकडे नेली होती. मग शेळीचा दोर सोडताना तिचा हात थांबला. ती झाडाकडे बघत राहिली.

"आक्का," ती म्हणाली, "एक बोकड अख्ख्या वस्तीला पुरतो. पण एक तरी लागतो की नाही?"

ती दोर तसाच हातात धरून गोदाक्काकडे वळली.

"तुझ्या माहेरच्या पपया काय अल्लाने फळवल्या का? शेजारच्या मळ्यात कुणाचा तरी नर उभा असणार. त्याची धूळ वारा आणत असेल, माशा आणत असतील. या झाडाचा नर इथे कुठे आहे? शंभर कोसात दुसरं झाड नाही. होते तेवढे आपण उपटले. माझ्या शेळ्यांनी खाल्ले."

गोदाक्काचा चेहरा असा झाला की मला वाटलं ही आता उठून खरंच एसटी पकडते. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. म्हणाली, स्वतःच्या हाताने स्वतःची खोली पाडली मी. मी समजूत घालायला लागले की सगळ्यांनी मिळून केलं, पण तिला ऐकू येत नव्हतं. जैनबभाभीने मात्र समजूत घातली नाही. ती तिला म्हणाली, रडून झालं की सांग, मग आपण विचार करू.

विचार करायला फार वेळ लागला नाही. माझ्या डोक्यात एकदम तुमच्या बाईसाहेबांचं वाण आलं. बंगल्याच्या कुंपणापाशी ते झाड वाढलेलं मी बघितलं होतं. नर की मादी, ते ठाऊक नव्हतं. जैनबभाभी दुसऱ्याच दिवशी शेळ्या घेऊन बंगल्यावरून एक चक्कर मारून आली. ती आली ती शिंकत आली.

"नर आहे," ती म्हणाली. "चांगला दांडगा."

तुमच्या बंगल्यात शिरणं सोपं नव्हतं, साहेब. फाटकावर वॉचमन, आत माळी, आणि कॉलनीच्या माणसाने कामाशिवाय आत यायचं नाही असा तुमचा हुकूम. वर्षातून एकदाच फाटक आमच्यासाठी उघडायचं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बाईसाहेब हळदीकुंकू करायच्या आणि गिरणीतल्या सगळ्या बायांना बोलवायच्या. जोजोबाचा फुलायचा हंगाम नेमका तोच.

पण त्यातही एक मेख होती. हळदीकुंकू सवाष्णींचं. गोदाक्काला कधी बोलावणं यायचं नाही. ती आमच्याबरोबर फाटकापर्यंत यायची, बाहेर बसायची, आणि आम्ही येताना तिच्यासाठी तिळगूळ घेऊन यायचो. जैनबभाभीला बोलावणं असायचं, पण ती कुंकू लावत नाही, म्हणून तीही आत न जाता आक्काला सोबत करायची. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं. मला त्याचा संताप यायचा आणि तरी मी आत जाऊन ओटी भरून घ्यायचे. बाकीच्या जातात म्हणून आपण जायचं, असंच असतं ते.

त्या वर्षी मी आत जाताना पहिल्यांदा मनात म्हटलं, बरं झालं यांना कोणी आत बोलावत नाही.

वॉचमन म्हणाला, तुम्ही दोघी बाहेर थांबा. जैनबभाभी म्हणाली, म्हातारीचे पाय दुखतात, आत कुंपणाच्या सावलीला बसवते. तो म्हणाला, बसवा. मी माझी हळदीची कोयरी घासून, पुसून, रिकामी करून आक्काच्या ओच्यात दिली होती.

तुमच्या लॉनवरून चालताना माझ्या चपला ओल्या झाल्या. सकाळीच पाणी मारलेलं होतं. मोठा पाइप अजून तिथेच पडला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. माझ्या मागे चालणारी बाई वाकून त्या पाण्याला बोट लावून आली. नुसतं बोट. तिच्या घरी हांडा भरून चार दिवस झाले होते.

आत माझं काम होतं बाईसाहेबांना बोलण्यात गुंतवायचं. मी बोलत सुटले. सुताचे नंबर, सासूची कंबर, तिळाचा भाव, जे सुचेल ते. खिडकीतून मला कुंपणाजवळचं झाड दिसत होतं. जैनबभाभी फांदी वाकवून धरत होती आणि आक्का घोसाखाली कोयरी धरून टिचकी मारत होती. मधूनच दोघी शिंकत होत्या. माळी पाठमोरा होता. सगळं ठीक चाललं होतं, आणि बाईसाहेब एकदम उठल्या.

"बाहेर गोदाक्का बसल्यात ना? मीच तिळगूळ देऊन येते."

मी काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते मला आठवत नाही, पण ते निरर्थक होतं. त्या बाहेर गेल्या. मी ओल्या चपलांनी त्यांच्या मागे.

गोदाक्काने त्यांना बघितलं तेव्हा तिचा हात घोसापाशीच होता. हात मनगटापर्यंत पिवळे. नाकाच्या शेंड्यावर पिवळं. जैनबभाभीने फांदी सोडली नाही, ती तशीच धरून उभी राहिली, जणू ती फांदी तिचीच आहे.

"आक्का, काय करताय?" बाईसाहेब म्हणाल्या.

खोटं बोलायला गोदाक्काला कधी जमलं नाही. ती म्हणाली, "हळद घेतेय बाईसाहेब. तुमचा नवरदेव आहे, आमच्याकडे नवऱ्या आहेत. लग्न लावायचंय."

मग सगळं सांगून टाकलं. पपई, कुदळी, शेळ्या, तुमचा बूट, तुमचा शब्द, तिची खोली. बाईसाहेब ऐकत होत्या. शेळ्यांपर्यंत आलं तेव्हा त्यांच्या खांद्याला कंप सुटला. मला वाटलं रागावल्या. त्या हसत होत्या. हसता हसता त्यांना कुंपणाचा आधार घ्यावा लागला. माळी वळून बघायला लागला तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, तू पुढच्या बाजूला जा, तिकडे कचरा झालाय.

मग त्यांनी कोयरीत डोकावून बघितलं.

"एवढ्याने काय होणार आहे," त्या म्हणाल्या. "वरचे घोस भरलेले आहेत. थांबा, ती फांदी मी वाकवते."

आणि जरीच्या साडीतल्या बाईने टाचा उंचावून फांदी खाली ओढली. पिवळी धूळ त्यांच्या साडीवर, केसांवर, सगळीकडे. तिघींच्या शिंका सुरू झाल्या. आत बसलेल्या सवाष्णी खिडकीत गोळा झाल्या आणि कोणाला काही कळेना की हळदीकुंकू आत चाललंय की बाहेर.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात आम्ही जमलो. वारा पडलेला होता, धूळ उडून जाणार नव्हती. गिरणीत कापसाला काय तोटा, मी फुलवाती वळून ठेवल्या होत्या. फुलवात कोयरीत बुडवायची आणि एकेका हिरव्या फुलाच्या जिभांना हलकेच टेकवायची, बस. कॉलनीतल्या बाया नटून आल्या होत्या. कोणीतरी पळीभर तांदूळ हळदीत माखून अक्षतासुद्धा आणल्या होत्या.

मी कोयरी गोदाक्कापुढे धरली.

ती मागे सरकली. "मी नको. नवरीची हळद आहे. माझ्या हातची चालत नाही."

बायांमध्ये चुळबुळ झाली. कोणी नाही म्हणालं नाही, कोणी हो पण म्हणालं नाही. आणि खरं सांगते साहेब, त्या चुळबुळीचा मला तुमच्या बुटापेक्षा जास्त राग आला. तुम्ही परके होता. या माझ्या होत्या. याच बायांनी तिची खोली सारवली होती आणि याच आता तिच्या हाताकडे बघत होत्या.

मी काही बोलायच्या आत जैनबभाभी म्हणाली, "चालत नाही असं कोण म्हणतं? झाडाला विचारलं का?"

गोदाक्काने झाडाकडे बघितलं. खरोखर विचारत असल्यासारखी बघत राहिली. मग तिने फुलवात उचलली.

आम्ही मदतीला पुढे झालो, तर तिने कोणाला हात लावू दिला नाही. म्हणाली, उपटायला मी सांगितलं होतं, आता लावीनही मीच. पानाआडचं एकेक फूल तिने हनुवटी धरून वर करावी तसं बोटाने वर केलं आणि हळद लावली. तिला गाणी येत होती. माहेरची हळदीची गाणी, आम्ही कधी न ऐकलेली. इतकी वर्षं लग्नघरात मागच्या बाजूला बसून ती ती गाणी मनातच म्हणत असणार. दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला, आम्ही पळालो. ती एकटी लावत राहिली. असं तिने पुढचे बरेच दिवस केलं. कोयरी रिकामी झाली की बंगल्यावरून कागदाच्या पुडीत नवीन हळद यायची. ती कोण पाठवायचं ते तुम्ही आता ओळखलं असेल.

होळीच्या सुमाराला पहिलं बोंड दिसलं. हिरवं, टोकदार. जैनबभाभी मला ओढत घेऊन गेली. मग दुसरं, मग तिसरं, मग मोजायचं सोडून दिलं. गोदाक्का त्यांच्याकडे सरळ बघायची नाही, दृष्ट लागेल म्हणून तिरक्या नजरेने बघायची.

मेमध्ये तुम्ही आलात. या वेळी बरोबर मोजणीची टेप होती, चुन्याची पिशवी होती, आणि बाईसाहेबही होत्या. तुम्ही म्हणालात की त्यांना अचानक कॉलनी बघायची हौस आली आहे. सगळ्या बाया दारात उभ्या होत्या. गोदाक्का आपल्या खोलीच्या उंबऱ्यात बसली होती. तिने कपडे गाठोड्यात बांधून ठेवले होते. झाडावर बोंडं लगडलेली होती तरी बांधून ठेवले होते. तुमचा शब्द किती वजनाचा आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

तुम्ही झाडासमोर थांबलात. एक बोंड तोडलंत, नखाने सोललंत. आतून तपकिरी बी निघाली. तुम्ही ती बोटांत दाबून बघितलीत, बोटं तुळतुळीत झाली. मग तुम्ही मान वर केलीत, मग खाली, मग परत वर.

"हे अर्ध्यापर्यंतच का लागलंय?" तुम्ही विचारलंत. "वर एक नाही."

खरं होतं ते. सगळ्या झाडांवर बोंडं एका उंचीपर्यंत गच्च होती आणि तिथून पुढे एकही नाही. कोणी सुतळी ताणून रेघ आखावी तसं. आमच्या कोणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं. गोदाक्का बुटकी होती, तिने टाचा उंचावल्या तरी हात तेवढाच जायचा.

जैनबभाभी म्हणाली, "वर हात पोचला नाही, साहेब."

"कोणाचा हात?"

बाईसाहेबांनी तोंडाला पदर लावला. सुपरवायझर आभाळाकडे बघायला लागले. गोदाक्का उंबऱ्यातून उठली, दोन्ही हात पदराखाली घेऊन उभी राहिली. आणि मी म्हटलं, "साहेब, उंची किती ते ठरलं नव्हतं. फळ दाखव म्हणाला होतात. फळ आहे."

बाईसाहेब शांतपणे म्हणाल्या, "तुमचा शब्द होता असं ऐकलंय मी." तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत. त्यांच्या तोंडून असं वाक्य तुम्ही बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं असावं. मग तुम्ही चुन्याची पिशवी घेतलेल्या माणसाला म्हणालात, चल, गेटच्या पलीकडे बघू जागा.

बायांनी आरडाओरडा केला नाही. गोदाक्का आत गेली आणि गाठोडं सोडल्याचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला. ती पुढे त्या खोलीत म्हातारी होऊन, केसांना जोजोबाचं तेल चोपडून, जैनबभाभीची वाटी परत न करताच मेली. त्या मेनंतरच्या संक्रांतीलाच बंगल्याचं बोलावणं तिच्या नावाने आलं होतं आणि ती आत जाऊन खुर्चीवर बसली होती. त्यानंतर कॉलनीत कोणाच्या घरी हळद असली की पोरीच आक्काला बोलवायला येत. म्हणत, हिच्या हाताला फळ आहे.

पण माझं काम त्या दिवशी संपलं नव्हतं. तुम्ही जीपकडे निघालात तेव्हा मी तुमच्या मागे आले. आठवतंय ना? तुमचा एक पाय जीपमध्ये होता.

मी म्हटलं, "साहेब, एक विचारायचं होतं. गिरणीच्या जागेत ज्याला फळ नाही, बघण्यासारखं फूल नाही, ती बाग नाही आणि ती जागा परत घ्यायची, असा नियम तुम्हीच केलात. आम्ही एक थेंब पाणी न घालता फळ दाखवलं. तुमच्या लॉनला रोज पाणी मिळतं. त्याला फूल नाही आणि फळही नाही. ती जागा कधी परत घ्यायची?"

बाईसाहेब हसल्या नाहीत. त्या पण तुमच्याकडे बघत होत्या, उत्तर ऐकायला. तुम्ही दार लावून घेतलंत आणि ड्रायव्हरला म्हणालात, चला.

गिरणी बंद होऊन जमाना झाला. परस अजून आहे, झाडं आहेत, माझ्या नातसुना तिथे केस वाळवतात. तुम्ही आता शहरात असता आणि पाणी कसं वाचवावं यावर सभांमधून बोलता, असं कानावर आलं. बोला. चांगलं बोलत असाल. पण त्या दिवशी जीपचं दार लावलंत, ते आता उघडा आणि मला आधी सांगा, आम्ही ओल्या गवताला बोट लावून परत जात होतो तेव्हा तुमच्या पाइपातलं ते पाणी कोणाच्या वाट्याच्या टँकरचं होतं? लॉनला फळ कधी लागलं? काय असेल ते तोंडाने बोला. मी म्हातारी झाले असले तरी ऐकू नीट येतं मला.